बारा मिलिमीटर जातात कुठे?

घरातल्या ड्रिल मशीनची बॉडी खोलून आतून पाहिली, तर एखाद्या कोपऱ्यात बारीक शिक्का सापडतो: पीए६-जीएफ३०. पीए६ म्हणजे नायलॉन ६, जीएफ म्हणजे ग्लास फायबर, अर्थात काचेचे तंतू, आणि ३० म्हणजे वजनाने तीस टक्के. गाडीच्या रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना ज्या काळ्या टाक्या असतात, त्यांच्यावरही असाच शिक्का असतो. तिथे बहुधा नायलॉन ६६. प्लास्टिक कोणतं आणि त्यात काच किती, हे शिक्का सांगतो. ती काच किती लांबीच्या तुकड्यांत आहे, हे मात्र सांगत नाही. भाग हातातून पडल्यावर तडकेल की तगेल, हे बरंचसं त्या लांबीवर ठरतं.

चाकण, भोसरी, सातपूर, वाळूज इथल्या मोल्डिंगच्या शेडमध्ये ‘ग्लास फिल्ड’ हा शब्द दिवसभर कानावर पडतो. “किती टक्के ग्लास?” हे सगळेच विचारतात. “किती लांबीचा?” हे विचारणारा क्वचितच भेटतो. आज आपण तोच प्रश्न धरून कच्च्या मालाच्या दाण्यापासून तयार भागापर्यंत जाऊ. प्लास्टिकचं शिक्षण नसलं तरी अडणार नाही. लागेल तो शब्द लागेल तिथे उलगडून सांगतो.

आधी काच घालायचीच कशाला, ते पाहू. नुसतं कोरडं नायलॉन ओढून तोडायला सुमारे ८० मेगापास्कल ताण लागतो. एक मेगापास्कल म्हणजे एका चौरस मिलिमीटरवर एक न्यूटन, ढोबळमानाने शंभर ग्रॅम वजनाची ओढ. त्याच नायलॉनमध्ये वजनाने ३० टक्के काच घातली की हा आकडा १८० च्या आसपास जातो आणि ताठपणा तिप्पट होतो. काच वजनाने ३० टक्के असली तरी जड असल्यामुळे आकारमानाने ती जेमतेम १६ टक्के भरते. एवढ्याशा काचेने एवढा फरक पडतो, कारण भट्टीतून नुकताच ओढलेला काचेचा तंतू ३,००० मेगापास्कलच्याही वर ताण सोसतो. पुढच्या हाताळणीत त्याच्या अंगावर बारीक ओरखडे येतात, म्हणून हिशोबाला आपण २,००० धरू.

हे तंतू डोळ्यांना सुटे दिसतच नाहीत. जाडी १० ते १७ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा किंवा त्याहून थोडी जास्त. १० मायक्रॉन जाडीचे आणि ०.३ मिलिमीटर लांबीचे तंतू धरले, तर ३० टक्के काचेच्या एका ग्रॅम दाण्यात ते सुमारे पन्नास लाख भरतात.

आता मुख्य गोष्ट. भागाला ओढ बसली की ती थेट काचेला बसत नाही, कारण काचेला टोकाशी कोणी धरलेलंच नसतं. ओढ पोचते ती तंतूच्या अंगाला चिकटलेल्या प्लास्टिकमधून, कडेकडेने. चिखलात रुतलेली काठी आठवा. वीतभर रुतली असेल तर ओढताच सुळकन बाहेर येते. पुरेशी खोल रुतली असेल तर काठी तुटेल, पण निघणार नाही. काचेच्या तंतूचंही तसंच आहे, फक्त त्याची दोन्ही टोकं रुतलेली असतात. टोकाशी त्याच्यातला ताण शून्य असतो, आत जावं तसा वाढतो आणि मध्यावर सर्वांत जास्त होतो. तंतू आखूड असेल, तर मध्यावरचा ताणसुद्धा काचेच्या ताकदीपर्यंत पोचत नाही. प्लास्टिक सुटतं, तंतू निसटतो आणि काचेची ताकद न वापरताच वाया जाते.

ज्या लांबीला तंतू निसटण्याऐवजी तुटू लागतो, तिला निर्णायक लांबी म्हणतात. तिचं गणित १९६५ मध्ये केली आणि टायसन या दोघा संशोधकांनी मांडलं, तेही प्लास्टिकवर नव्हे, तर तांब्यात टंगस्टनच्या तारा घालून. त्याआधी १९५२ मध्ये कॉक्स यांनी तंतूंमधून ताण कसा वाहतो याचा हिशोब मांडला होता, तो कागदाच्या ताकदीच्या निमित्ताने. प्लास्टिकवाल्यांनी दोन्ही हिशोब उसने घेतले.

हिशोब सोपा आहे. तंतूच्या ताकदीला त्याच्या जाडीने गुणायचं आणि पकडीच्या दुपटीने भागायचं. पकड म्हणजे काच आणि प्लास्टिक यांच्यातला सांधा घसरायला लागणारा ताण. नायलॉन काचेला छान धरतं. पकड ३५ मेगापास्कल आणि तंतू १० मायक्रॉनचा धरला, तर निर्णायक लांबी येते ०.२९ मिलिमीटर. पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे आपल्या बादल्या-खुर्च्यांचं पीपी, हे जात्याच काचेला धरत नाही. तिथे पकड ७ आणि तंतू १४ मायक्रॉनचा धरला, तर हीच लांबी जाते २ मिलिमीटरवर. म्हणून पीपीमध्ये जोडणारं रसायन घालतात. बाजारात ‘कपल्ड’ म्हणतात तो हाच माल. पकड दुप्पट झाली की निर्णायक लांबी निम्म्यावर, १ मिलिमीटरवर येते. लांब तंतू घेणं आणि पकड सुधारणं हे एकाच गोष्टीकडे जाणारे दोन रस्ते आहेत. पुष्कळदा दुसरा स्वस्त पडतो.

इथे एक गैरसमज होतो. निर्णायक लांबी गाठली म्हणजे काम झालं, असं वाटतं. तसं नाही. नेमक्या त्या लांबीच्या तंतूत ताण फक्त मध्यावर पूर्ण असतो, टोकांकडे उतरत जातो, त्यामुळे सरासरीने तंतू निम्म्याच ताकदीने कामाला येतो. लांबी पाचपट केली की ९० टक्के आणि दहापट केली की ९५ टक्के. त्यापुढे लांबी वाढवून ताकदीत फारसं काही हाती लागत नाही.

आणि ‘ताकद’ म्हणताना आपल्या मनात नेमकं काय आहे, हेही वेगळं करायला हवं. ताठपणा, म्हणजे भाग किती वाकतो, याला फार लांबी लागत नाही. साधारण मिलिमीटरभर लांबीत जवळजवळ सगळा मिळून जातो. ओढ सोसण्याची ताकद काही मिलिमीटरपर्यंत वाढत राहते. आघात सोसणं, म्हणजे भाग पडला, आपटला, थंडीत दणका बसला तर टिकणं, याला सर्वांत जास्त लांबी लागते. तड पुढे सरकताना तिला आडवा येणारा प्रत्येक तंतू उपसून काढावा लागतो किंवा तोडावा लागतो, त्यात तिची ऊर्जा खर्च होते. शिवाय तंतूचं प्रत्येक टोक हे तड सुरू व्हायला सोयीची जागा असतं. आखूड तंतू म्हणजे तेवढ्याच काचेत जास्त टोकं. “ग्लासवाला माल कडक होतो पण ठिसूळही होतो” ही शेडमधली तक्रार खरी आहे आणि तिचं एक कारण हे आहे.

आता दाण्याकडे येऊ. नेहमीच्या ग्लास फिल्ड मालात कंपाउंडर, म्हणजे प्लास्टिकमध्ये काच मिसळून दाणे बनवणारा, ३ ते ४.५ मिलिमीटर लांबीचे चिरलेले तंतू वितळलेल्या प्लास्टिकमध्ये सोडतो आणि दोन स्क्रूंच्या यंत्रात मळून दाणे पाडतो. त्या मळण्यातच तंतू ०.३ ते ०.५ मिलिमीटरवर येतात. दाणा मात्र ३ मिलिमीटरचा दिसतो. दाण्याची लांबी म्हणजेच तंतूची लांबी, असं समजणारे खरेदी अधिकारी कमी नाहीत.

लांब तंतूंचा माल वेगळ्या रीतीने होतो. काचेच्या न तुटलेल्या लडी वितळलेल्या प्लास्टिकमधून ओढून भिजवतात, गार करतात आणि १० ते १२ मिलिमीटरवर कापतात. यात प्रत्येक तंतू दाण्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग जातो. ओळखायची खूण सोपी आहे: दाणा पक्कडीत धरून दाबा. लांब तंतूंचा दाणा उभा चिरतो आणि आतली तंतूंची जुडी मोकळी होते. आखूड तंतूंचा दाणा आडवा मोडतो. हातमोजे मात्र घाला. काचेचं कुसळ बोटात गेलं तर दिवसभर खुपतं.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, तो टप्पा. १२ मिलिमीटरचा दाणा हॉपरमध्ये, म्हणजे मशीनवरच्या नरसाळ्यात, पडतो आणि मोल्डिंग मशीनमधून तयार भागात पोचेपर्यंत आतले तंतू कुठे कुठे तुटतात?

सुरुवात वरूनच होते. लांब दाणे हॉपरच्या गळ्यात एकमेकांवर आडवे पडून अडकतात. कोणी सळई घालून ढोसतो, दाणे चिरतात. माल ओढून आणणाऱ्या पाइपला तीव्र वळणं असतील, तर दाणे तिथे आपटून फुटतात आणि फिल्टरवर काचेची पांढरी लव जमते. ती लव दिसली की समजा, दाणे स्क्रूपर्यंत पोचण्याआधीच फुटायला लागले आहेत.

खरी कत्तल बॅरलमध्ये, म्हणजे स्क्रू ज्यात फिरतो त्या तापलेल्या नळीत, होते, तीही प्लास्टिक वितळण्याच्या टप्प्यात. दाणा बाहेरून वितळलेला आणि आतून घट्ट असतो. तंतूचं एक टोक वाहत्या प्लास्टिकमध्ये, दुसरं अजून घट्ट दाण्यात. स्क्रू फिरला की तो तिथेच मोडतो. त्यामुळे मशीन लावणारे जाणते सेटर बॅरलच्या मागच्या भागाचं तापमान नेहमीपेक्षा थोडं वर ठेवतात, म्हणजे दाणा लवकर मऊ पडतो. स्क्रूचे फेरे कमी ठेवायचे. स्क्रू शक्य तो मोठ्या व्यासाचा, खोल चरांचा आणि माल कमी दाबणारा घ्यायचा.

मग येतं बॅक प्रेशर. स्क्रू फिरत मागे येत असताना त्याला मुद्दाम अडवून धरणारा दाब म्हणजे बॅक प्रेशर. साध्या प्लास्टिकमध्ये रंग नीट मिसळला नाही, बुडबुडे आले, वजन शॉटगणिक कमीजास्त झालं, की ऑपरेटरचा हात आपोआप याच बटणाकडे जातो, आणि तिथे ते बरोबरही असतं. लांब तंतूंच्या मालात पृष्ठभागावर न सुटलेल्या जुड्यांचे पांढरे ठिपके दिसतात. ते पाहून रात्रपाळीचा माणूस बॅक प्रेशर वाढवतो. ठिपके जातात, भाग देखणा निघतो, सकाळी सगळे खूश. आत तंतू मात्र चिरडले गेलेले असतात. मोजमापं बरोबर, वजन बरोबर, रंग बरोबर. ताकद गेली, हे कोणाच्याच डोळ्यांना दिसत नाही. माझं मत विचाराल तर लांब तंतूंच्या मालात सर्वांत जास्त नुकसान या एका बटणाने होतं. ते माल सुटेल इतपत, कमीत कमी ठेवा आणि ठरलेला आकडा मशीनवर लिहून चिकटवा. थोडे ठिपके राहिले तर राहू द्या. दर्शनी भाग असेल तर आधी तापमानाकडे पाहा.

स्क्रूच्या टोकाशी चेक रिंग असते. इंजेक्शनच्या वेळी माल मागे पळू नये म्हणून बसवलेली झडप. काच खरवडत असल्याने ती लवकर झिजते. झिजली की माल अरुंद फटीतून मागे गळतो आणि तंतू भरडले जातात. पुढे नोझल, रनर आणि गेट. नोझल म्हणजे मशीनची चोच, रनर म्हणजे साच्यातली माल वाहून नेणारी वाट. गेट म्हणजे साच्यात माल शिरण्याचं तोंड. पिनगेट एक मिलिमीटरचा असेल तर १२ मिलिमीटरचा तंतू त्यातून अखंड कसा जाणार? लांब तंतूंसाठी नोझलचं भोक मोठं, रनर गोल आणि ऐसपैस, वळणं गोलसर, गेट रुंद आणि इंजेक्शनचा वेग बेताचा लागतो. आखूड मालासाठी केलेल्या जुन्या साच्यात नुसता दाणा बदलून लांब तंतूंचा माल चालवला, तर पैसे लांबीचे जातात आणि भागात येतो आखूड तंतू.

हे सगळं सांभाळलं तरी १२ मिलिमीटरमधून भागात सरासरीने काही मिलिमीटरच उरतात. ते उरले तरी समाधान माना. निष्काळजीपणे चालवलं तर मिलिमीटरच्याही खाली येतात.

रिग्राइंडबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. स्प्रू (नोझलपासून रनरपर्यंतच्या वाटेत गोठलेला दांडा), रनरमध्ये गोठलेला माल आणि बाद भाग दळून पुन्हा नव्या मालात मिसळतात, तेच रिग्राइंड. दळताना तंतू तुटतात आणि पुन्हा स्क्रूमधून जाताना आणखी तुटतात. पण काच कुठे जात नाही. तुकडा जाळून राखेचं वजन केलं तर ३० टक्के बरोबर ३० टक्केच भरतं. अहवालावर ‘पास’चा शिक्का बसतो आणि भाग गिऱ्हाइकाकडे जाऊन तडकतो. राखेचं वजन काच किती ते सांगतं, किती लांब ते नाही. पुरवठादाराशी करार करताना नुसती टक्केवारी न लिहिता किती टक्के रिग्राइंड चालेल, हेही लिहून घ्या.

साच्यात शिरल्यावर तंतू आणखी तुटण्यापेक्षा वळण्याचा प्रश्न मोठा असतो. भिंतीलगतचे तंतू प्रवाहाच्या दिशेने झोपतात, मधल्या थरातले बरेचसे त्याला आडवे राहतात. म्हणून तोच भाग एका दिशेने ओढला तर मजबूत आणि दुसऱ्या दिशेने कच्चा लागतो. डेटाशीटवरचा आकडा बहुधा प्रवाहाच्या दिशेने ओढलेल्या पट्टीचा असतो, हे लक्षात ठेवा. भोकाला वळसा घालून दोन प्रवाह जिथे पुन्हा भेटतात, तिथे वेल्ड लाइन पडते. त्या रेषेवर तंतू एका बाजूकडून दुसरीकडे जातच नाहीत, रेषेच्या समांतर लोळतात. तिथे ताकद निम्म्यावर किंवा त्याखालीही येऊ शकते आणि लांब तंतू ती परत आणून देत नाहीत. जोडणीचा स्क्रू जिथे बसतो त्या पोकळ उंचवट्यापाशी, म्हणजे बॉसपाशी, भाग तडकत असेल, तर दाणा बदलण्याआधी गेटची जागा बदलता येते का ते पाहा.

आता तपासायचं कसं. भागाचा छोटा तुकडा सुमारे ६०० अंश सेल्सिअसच्या मफल भट्टीत, म्हणजे प्रयोगशाळेतल्या बंद विद्युत भट्टीत, जाळतात. प्लास्टिक उडून जातं, काच उरते. हे घरी गॅसवर करू नका. धूर विषारी असतो, त्यातून मालात आगरोधक रसायन असेल तर जास्तच. भट्टीला धूर बाहेर नेणारी सोय हवी. कार्बन तंतूंसाठी ही रीत चालत नाही, हवेत कार्बनच जळायला लागतो.

भट्टीचं दार उघडल्यावर पहिली बातमी डोळ्यांनाच मिळते. आखूड तंतूंच्या तुकड्याची राख चिमटा लावताच भुगा होते. लांब तंतूंच्या तुकड्याचा पांढरा सांगाडा मात्र मूळ आकार धरून उभा राहतो. बरगड्या, कोपरे, भोकं सगळी ओळखू येतात. तंतू एकमेकांत गुंतलेले असतात म्हणून. सूक्ष्मदर्शक नसलेल्या कारखान्यातसुद्धा जुना आणि नवा भाग शेजारी जाळून ठेवले तर फरक लगेच कळतो.

आकडा हवा असेल तर राख पाण्यात सोडून तंतू सुटे करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. यासाठी आयएसओ २२३१४ हे मानक आहे. इथेही एक मेख आहे. तापलेली काच ठिसूळ होते. जोरात ढवळली किंवा चिमट्याने ओढली तर मोजतानाच तंतू मोडतात आणि दोष मोल्डरवर येतो. मोजणाऱ्याचा कल नजरेत भरणारे लांब तंतू मोजण्याकडे असतो, ही उलट बाजूची चूक.

सरासरीही दोन प्रकारची असते. समजा, १०० तंतू मोजले. ९० तंतू ०.२ मिलिमीटरचे आणि १० तंतू २ मिलिमीटरचे निघाले. सरळ सरासरी येते ०.३८. लांब तंतूला त्याच्या वजनाच्या प्रमाणात मान दिला तर सरासरी येते १.१५. दोन्ही आकडे खरे आहेत: त्या दहा तंतूंमध्येच अर्ध्याहून जास्त काच आहे. पण एका पुरवठादाराने पहिला आकडा दिला आणि दुसऱ्याने दुसरा, तर तुलना फसते. अहवालात कोणती सरासरी आहे, हे आधी विचारा.

भाग तुटला की प्रत्येक वेळी तंतूच दोषी, असंही नाही. साच्यातून नुकतंच निघालेलं नायलॉन हाडासारखं कोरडं असतं आणि चटकन तडकतं. हवेतली ओल शोषल्यावर ते चिवट होतं, ताकद मात्र उतरते. भर उन्हाळ्यात नव्या क्लिपा पटापट तुटत असतील, तर भट्टी पेटवण्याआधी काही क्लिपा पाण्यात ठेवून पाहा. उलट, मोल्डिंगपूर्वी दाणा नीट वाळवला नसेल, तर वितळताना प्लास्टिकच्याच साखळ्या तुटतात. तेव्हा तंतू कितीही लांब असून उपयोग नसतो.

लांबी खरोखर टिकवायची असेल तर स्क्रूच टाळणारा मार्ग आहे. इमारतींच्या जिन्याखाली विजेच्या मीटरच्या ज्या करड्या पेट्या दिसतात, त्यांतल्या पुष्कळशा एसएमसी या मालाच्या असतात: पॉलिएस्टर रेझिन आणि चिरलेली काच यांचा चिकट कणकेसारखा तक्ता, तापलेल्या साच्यात ठेवून दाबलेला. त्यात तंतू साधारण २५ मिलिमीटरचे असतात आणि बऱ्याच अंशी तेवढेच राहतात, कारण त्यांना कोणत्याही गेटमधून घुसावं लागत नाही. उन्हापावसात राहिलेल्या जुन्या पेटीवरून हात फिरवला तर हे तंतू खुपतात. तोच माल तक्त्याऐवजी कणकेच्या गोळ्याच्या रूपात (याला डीएमसी म्हणतात), ६ ते १२ मिलिमीटर तंतूंसह, स्क्रूने साच्यात भरला की लांबी आणि ताकद दोन्ही घटतात.

मग घ्यायचं काय? भाग ताठ हवा, आघात फारसा नाही, भिंत पातळ आणि गेट लहान, तर आखूड तंतूंचं नायलॉन पुरतं. ड्रिलची बॉडी वर्षानुवर्षं त्यावरच चालली आहे. भाग मोठा, भिंत तीन मिलिमीटरच्या आसपास, धक्के आणि उष्णता दोन्ही सोसायची, जसं गाडीच्या पुढच्या बाजूची रेडिएटर धरणारी चौकट, तर लांब तंतूंचं पीपी पैसे वसूल करून देतं. पण मशीन जुनं, स्क्रू लहान, साचा पिनगेटचा, आणि तो बदलायची तयारी नाही, अशी स्थिती असेल तर लांब तंतूंच्या दाण्याला जास्तीचे पैसे देऊ नका. चांगला कपल्ड आखूड माल घ्या आणि वाचलेल्या पैशांत चेक रिंग बदला.